पत्र्यावरची पाहुणी

त्या साबणाचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव मला पाठ आहे. त्याचा वास आजही कुणाच्या अंगाला आला तर मी दोन पावलं मागे सरते. पण फुकट जाहिरात मी आयुष्यात कुणाची केली नाही, आणि माझ्या आईच्या तोंडावर ज्यांनी माल खपवला त्यांची तर नाहीच नाही. लोक मला म्हणतात, बुधाबाई, एवढी वर्षं झाली, आता सोडून द्या. हे सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही आईचं तोंड कधी पत्र्यावर छापलं गेलेलं नाही. तेव्हा त्यांनी गप्प बसावं आणि मला सांगू द्यावं.

साखरशेतच्या एका पाड्यावर आमचं घर होतं. कुडाच्या भिंती, वर पेंढा, आणि आत आईच्या हाताचं सारवण इतकं गुळगुळीत की पावसाळ्यात सांडलेला दाणा घरंगळत दाराशी जायचा. राज्य जव्हारच्या राजांचं होतं, पण आमच्यावर राज्य आईचं. सकाळ उजाडायची ती तिच्या मुसळाच्या आवाजाने. धप्प, मग तिचा नाकातून सुटलेला श्वास, मग पुन्हा धप्प. तो श्वास ऐकला की कांडण किती उरलंय ते मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. मग चुलीवर पेज चढायची, नाचणीची भाकर थापली जायची, कधी उकडलेले करांद्याचे कंद, बाजार झालेला असला तर सुकट. बा वर्षातले निम्मे महिने जंगलाच्या कामावर असे, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. पाय धुतल्याशिवाय चुलीपाशी जायचं नाही. भांडी राखेने घासायची, ती पण चाळलेल्या राखेने, म्हणजे चरे पडत नाहीत. लुगडं रिठ्याच्या पाण्यात, केस शिकेकाईने. रानात रिठे पिकले की आम्ही टोपल्या भरून आणायचो आणि अंगणात वाळवायचो. माझ्या आईच्या अंगाला धुराचा आणि शिकेकाईचा वास यायचा. त्याहून स्वच्छ वास मला अजून सापडलेला नाही, आणि मी सगळे वास विकत घेऊन पाहिले आहेत.

आईचं नाव लाडकी. लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायला तिला चार पाड्यांवरून बोलावणं यायचं. बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करायची, पिठाच्या पाण्यात बुडवायची आणि भिंतीवर एकही रेघ न पुसता झाडं, माणसं, मोर उतरवायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी तेव्हा पंधरा-सोळाची असेन. आमच्यात वय कोण मोजतो? बाजाराच्या दिवशी मी पळसाच्या पानांचे गठ्ठे घेऊन जव्हारला जायची. पत्रावळींसाठी गावातल्या बायका ती घ्यायच्या. बदल्यात मीठ, मिरची, सुकट. अदलाबदलीत मला हरवलेला माणूस त्या बाजारात नव्हता. मीठवाला तर मला लांबून बघितलं तरी माप आधीच भरून ठेवायचा, नाहीतर मी ओरडायची आणि त्याचं गिऱ्हाईक पळायचं. माझा तोंडाळपणा सगळ्यांना माहीत होता. मला त्याचा अभिमान होता. म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त लागलं.

सुगी झाल्यावरच्या एका बाजारात तो आला. काळी टोपी, कोट, गळ्यात उपरणं, पुढे तांब्याचं घंगाळ. त्याने कोळशाने बरबटलेलं एक फडकं उंच धरून सगळ्यांना दाखवलं, पाण्यात टाकलं, पिवळी वडी घासली, आणि एवढा फेस काढला की पोरं किंचाळली. "बायांनो, या! एक वडी, घर बदलेल! एक वडी, तोंड बदलेल!" त्या दिवसापासून त्याचं नाव फेसवाला पडलं. आई माझ्या शेजारी उभी होती. ती फेसाकडे बघतच नव्हती. फेस धुऊन काढायला तो पाणी किती ओततो तिकडे तिचं लक्ष होतं.

"दोन हंडे," ती मला म्हणाली. "पोरी, मळ काढाय अर्धा हंडा, नं फेस काढाय दोन. सूर्यमाळच्या तुझ्या मावशीला सांग. उन्हाळ्यात ती वाटीवाटीनं झऱ्यातला पानी भरते. तिला हा साबण दिला तं ती फेसातच मरंल."

मी हसले. फेसवाल्याने ते ऐकलं आणि आईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाला, "ही तुझी आई का? मला डोंगरातली बाई हवी आहे चित्रासाठी. कांडताना. पाटीवर छापायचंय. माझा चितारी उद्या तुमच्याकडे येईल. दोन वड्या देईन."

वयाने तो आईपेक्षा लहान होता आणि तिला 'ही' म्हणत होता. मी म्हटलं, "वडी तं तू सगळ्यांनाच फुकट हुंगाया देतोस. वडी नको."

"मग काय हवं?"

दुकानांवरच्या पाट्या मी रोज बघायची. वाचता येत नव्हतं, पण एवढं मला कळलं होतं की ज्याचं नाव पाटीवर, दुकान त्याचं. म्हणून मी माझ्या मते त्या बाजारातला सगळ्यात हुशार सौदा केला. म्हटलं, "चित्राखाली माझ्या आयचा नाव लिहायचा. लाडकी. नं एक पाटी आमच्या घराला."

तो मोठ्याने हसला. "नाव काय तुझं?"

"बुधी."

"बुधी नाही, बुद्धी आहेस तू! लिहितो. दिला शब्द."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून चितारी आला. बिचारा मुका असल्यासारखा होता, आल्या-गेल्याशी बोलला नाही. आई त्या दिवशी न्हाली होती. धुतलेलं लुगडं, केस अजून ओले. ती उखळापाशी उभी राहिली आणि त्याने सांगितलं तरी नुसतीच मुसळ धरून थांबायला तयार होईना. "नुसता धरून काय करू? भात हाय त्यात," म्हणाली, आणि त्याचं चित्र होईपर्यंत तिने दोन पायली भात कांडून टाकलं.

होळी झाल्यावर पत्रा आला. रंगीत, चकचकीत, हाताएवढा उंच. फेसवाल्याने तो बाजारात स्वतः माझ्या हातात दिला. पत्र्यावर दोन बाया होत्या. डावीकडे आई, अगदी आईच, तिचा तो खांदा, तिची ती मान. पण तोंडावर काजळी आणि केस विस्कटलेले. उजवीकडे एक गोरी बाई खुर्चीवर, जरीकाठाचं लुगडं, हात मांडीवर, बाजूला बशीत वडी. दोघींच्या पायाशी अक्षरं.

"तोंड काळं का केलं?" मी विचारलं.

"छापताना होतं तसं. रंग उतरतो."

"नाव?"

त्याने आईच्या पायाखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे काय. तुझ्या आईचं नाव."

मी त्याच्या नुसत्या शब्दावर गेले नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. मी मोजलं. ला, ड, की. तीन. पत्र्यावर तीन. बरोबर. मी खूश झाले. आज आठवलं की माझ्या त्या मोजण्याचाच मला जास्त राग येतो. न मोजता फसले असते तर निदान भोळी ठरले असते.

पत्रा आम्ही दाराशेजारी टांगला. कुडाच्या भिंतीत खिळा ठरेना, म्हणून आईने काथ्याने बांधला. सगळा पाडा बघायला आला. साबणवाल्यांनी काय मनात धरून ते चित्र काढलं होतं ते आमच्यात एकालाही कळलं नाही. साबणाआधीची आणि साबणानंतरची अशी एकच बाई दोनदा काढतात हे कुणाला सुचणार? आमच्या लोकांनी सरळ अर्थ लावला. ही घरधनीण, ती पाहुणी. पाहुणीला खुर्ची दिलीय, आणि घरधनीण तिच्यासाठी भात कांडतेय. शेजारची म्हातारी तर येता-जाता विचारायची, "लाडके, तुझी पाहुणी जेवली कं नाय?" आणि आई उत्तर द्यायची, "बसली हाय. उठंल तवा वाढीन." महिना उलटला तरी पाहुणी उठेना, त्यावर आणखी हसू.

आणि आईने ती तीन अक्षरं शिकून घेतली. आधी पत्र्यावरून बोट फिरवायची, मग अंगणातल्या धुळीत, मग काडी घेऊन पिठाने. जिच्या हातातून मोर उतरतो तिला तीन अक्षरं कितीशी? कणगीवर काढली. दारावर काढली. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात चौक पुरा झाल्यावर खालच्या कोपऱ्यात, दोन झाडांच्या मधे, तिने ती तीन अक्षरं काढली आणि मागे सरून बघितलं. तसा चेहरा मी तिचा पुन्हा पाहिला नाही. बायकांनी विचारलं, काय गं हे? ती लाजली. माझी आई, जी बाला लाजायची नाही, ती लाजली आणि म्हणाली, "माझा नाव."

मला हेवा वाटला. आईला तिचं नाव लिहिता येतं आणि मला माझं नाही, म्हणजे काय? जव्हारच्या शाळेतल्या मास्तरांची बायको माझ्याकडून पानं घ्यायची. मी तिच्याशी सौदा केला. पन्नास पानांना एक अक्षर. ती हसली, कबूल झाली. मास्तरीणबाई भल्या होत्या. माझ्या यादीत भली माणसं फार नाहीत, म्हणून नोंद करून ठेवते. पहिल्या दिवशी त्या पाटीवर अ काढायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा. मला तीन आधीच येतात. माझ्या आयचा नाव." आणि त्यांच्या ओट्याखालच्या धुळीत काडीने काढून दाखवलं. झोकात काढलं.

मास्तरीणबाई वाकल्या. मग माझ्याकडे बघितलं. "हे कुणी सांगितलं तुला, आईचं नाव म्हणून?"

"फेसवाल्यानं. पत्र्यावर हाय."

त्यांनी पदराने ओठ पुसले, उगाचच. "बुधी, आईचं नाव लाडकी ना गं तुझ्या?" त्यांनी हातातल्या पाटीवर दुसरी तीन काढली. "हे लाडकी. आणि हे तू काढलंस ते..." मी म्हटलं, सांगा. त्या सांगेनात. मी पानांचा गठ्ठा उचलला आणि म्हटलं, सांगितलं नाही तर उद्यापासून पानं नाहीत. तेव्हा त्यांनी हळूच वाचलं.

"आळशी."

मी पाटी बघितली, धूळ बघितली. दोन्हीकडे तीन. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावरचं ते वळण पण सारखं. मी विचारलं, "नं पाहुणीखाली चार हायत, ती?" त्यांनी पत्रा दुकानावर पाहिलेला होता. म्हणाल्या, "सुगृहिणी. म्हणजे घर चांगलं चालवणारी."

घर चांगलं चालवणारी! खुर्चीत, मांडीवर हात ठेवून! आणि जी चित्र काढणाऱ्यासमोरसुद्धा मुसळ थांबवायला तयार नव्हती ती आळशी. कणगीवर आळशी. दारावर आळशी. मामेबहिणीच्या लग्नाच्या भिंतीवर, देवाच्या चौकाखाली, आईच्या हातचं, आळशी.

पुढच्या बाजाराला मी काथ्या सोडून पत्रा काखेत मारला आणि गेले. आईला म्हटलं, पुसून आणते. फेसवाला घंगाळ मांडून बसला होता, भोवती गर्दी.

"काय बुद्धी, आज पानं नाहीत? पत्रा आणलास?"

"वाच."

"काय वाच?"

"माझ्या आयच्या पायाखाली काय लिहलंस ते वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

त्याचं हसू गेलं. आणि त्याने पहिला प्रश्न काय विचारला? 'चुकलं' नाही, 'माफ कर' नाही. त्याने विचारलं, "तुला वाचायला कुणी शिकवलं?"

"नाव लिहितो म्हणालास. शब्द दिलास."

"अगं, मजकूर मुंबईला ठरतो, माझ्या हातात काय आहे? आणि तुम्हाला वाचता येत होतं का? आई खूश होती ना तुझी? मग बिघडलं काय?"

मी गर्दीकडे वळले आणि आमच्या बोलीत ओरडून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, बाजार उसळेल. कुणीतरी मागून म्हणालं, "आळशी तं आळशी, तसबीर तं आली! आमची कोण काढतो?" आणि लोक हसले. आमचेच लोक. मीठवालासुद्धा हसला. त्याच्याकडून मी पुन्हा मीठ घेतलं नाही, दोन कोस जास्त चालून दुसरीकडून आणलं, तो मरेपर्यंत.

फेसवाला बाजार ओळखणारा माणूस. गर्दी हसली तसा तो सावरला, जवळ आला, आवाज खाली आणला. "हे बघ, तू बोलतेस ते लोक ऐकतात. जव्हारपासून मोखाड्यापर्यंतच्या बाजारांत माझा साबण तू वीक. पाट्या तू लाव. पानं वाहायची गरज उरणार नाही तुला."

खोटं कशाला लिहू? क्षणभर मी विचार केला. मोखाड्याचा बाजार डोळ्यांपुढे आला, तिथे मी, माझ्यापुढे घंगाळ. मग माझ्या लक्षात आलं की मी हातातला पत्रा उलटा धरलाय, आईचं डोकं खाली. मी त्याच्या वड्यांची पेटी उचलून धुळीत उपडी केली. घंगाळही उपडं करणार होते, पण हात लावला आणि थांबले. ते पाणी कुणातरी बाईने डोक्यावरून आणलेलं होतं. तेवढं मला जमलं नाही. मी चालू लागले. मागे लोक वड्या उचलायला वाकले, फुकटच्या.

घरापर्यंत राग उतरला नाही, उलट वाटेवर चढला. आणि तो मी कुणावर काढला हे लिहिताना माझी मान खाली जाते. आई अंगणात कांडत होती. मी पत्रा तिच्यापुढे टाकला आणि ओरडले, "पूस ते सगळा! कणगीवरचा, दारावरचा! नाव नाय ते तुझा! गावभर स्वतःला आळशी लिहत फिरलीस!"

मुसळ थांबलं नाही. मी जे जे कळलं ते सगळं तिच्या अंगावर फेकत होते आणि ती कांडत होती. उखळातलं भात अर्धवट टाकून ती कधी उठायची नाही. शेवटचे ठोके घातले, सुपात काढलं, पाखडलं, कोंडा एकीकडे, तांदूळ एकीकडे. मग पदराला हात पुसून पत्र्यापाशी बसली.

"वाच," म्हणाली.

मी डावीकडचं वाचलं. उजवीकडचं वाचलं, अर्थ सांगितला.

"घर चालवणारी," ती म्हणाली. पाहुणीकडे वाकून तिने बराच वेळ बघितलं, तिचे हात बघितले. "हिच्या हाती तं कायच नाय."

ती उठली. शेणाचा काला केला आणि स्वतःच्या पायाखालची तीन अक्षरं बोटाने सारवून टाकली. पाहुणीखालची चारही सारवली. वाळू दिलं. मग पीठ कालवलं, काडी चावली, आणि पाहुणीच्या पायाशी आपली ती तीन अक्षरं काढली. आळशी.

"मला तीनच येतात," ती म्हणाली. "जिची हायत तिला दिली."

मी म्हटलं, "आयं, तुझ्या चित्राखाली तुझा खरा नाव लिहू? मला येतो आता. लाडकी."

"नको. मोकळा ऱ्हाऊ दे. माझ्या हाती मुसळ हाय, वळखतील." आणि तांदूळ घेऊन ती आत गेली, कारण पेज व्हायची होती.

पुढे मी रिठ्याचा आणि शिकेकाईचा व्यापार केला, गाड्या भरून माल मुंबईला पाठवला. माझ्या पुड्यांवर रिठ्याचं चित्र आहे, बाईचं नाही. छापखानेवाल्यांनी पुष्कळदा सुचवलं, एखादी छान बाई टाकू या. त्यांना मी दाराबाहेर काढलं. मला वाचता येतं तरी सही करण्याआधी कागद मी दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेते, आणि ते दोघे एकमेकांना ओळखत नसतील असे बघते. यामुळे माझी जी बदनामी आहे ती मला मान्य आहे.

पत्रा माझ्या वखारीच्या दारावर आहे. कडा गंजल्या, गोऱ्या बाईचा जरीकाठ उडाला, आईचा खांदा मात्र शाबूत आहे. पिठाची अक्षरं टिकत नाहीत, म्हणून दर पावसाळ्यानंतर मी काडी चावून ती नव्याने काढत आले. यंदा काडी हातात ठरेना, तेव्हा नातीला बसवलं. तिने उजवीकडे तीन अक्षरं काढली, छान काढली, पणजीचा हात आहे तिला. मग काडी तशीच धरून तिने विचारलं, "आजी, या बाईनं केलं काय होतं?"

मी म्हटलं, "काही नाही. म्हणूनच."